बॉडी माझ्याकडे, लेन्स तुझ्याकडे

४ फेब्रुवारी, रविवार

दादा,

नमस्कार धरून चाल. पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत, आईचा गुडघा सोडला तर, आणि तो काही आजचा नाही. मला फक्त एक मत हवं आहे. मत, वस्तू नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू सरळ मनानं वाचशील.

मी मीडियम फॉरमॅट, म्हणजे मोठ्या फिल्मवरची फोटोग्राफी, सुरू करतोय!

होय, बाबांच्याच कॅमेऱ्यावर. म्हणजे त्यातल्या माझ्या वाट्याच्या अर्ध्यावर. तुला आठवत असेलच, बाबा गेल्यावर सगळं सुरळीत वाटलं गेलं, भांडी, कपाटं, शिलाई मशीनसुद्धा. आणि कॅमेऱ्यापाशी आपण हमरीतुमरीवर आलो. तेव्हा मामा वैतागून म्हणाले, "दोघांनाही हवाय ना? मग बॉडी धाकट्याला, लेन्स थोरल्याला. उठा आता." आणि आपण दोघं, चांगले मिशीवाले बाप्ये, उठलोसुद्धा! कुणी हूं की चूं केलं नाही. बोलणंही तिथंच थांबलं ते थांबलंच.

त्या निवाड्यातली खरी मेख मला गेल्या आठवड्यात कळली. या कॅमेऱ्याचं शटर बॉडीत नसतं, प्रत्येक लेन्सच्या पोटात असतं. म्हणजे माझ्या वाट्याला जे आलं त्याला डोळा तर नाहीच, पापणीदेखील नाही. आणि तुझ्याकडे तीन डोळे, पण डोकं नाही. (रागावू नकोस. यंत्राबद्दल बोलतोय.)

बॉडी कपाटातून काढली कशी म्हणशील, तर जुना स्प्रिंगकाटा शोधत होतो आणि हाताला ती लागली. उघडून बघतो तो आतल्या स्पंजाचं पार डांबर झालेलं. दुसरा कुणी असता तर पुन्हा गुंडाळून ठेवली असती. पण मी दिवसभर लोकांचे वजनकाटे उघडून शून्यावर आणणारा माणूस. मला बिघडलेली वस्तू मिटून ठेवता येत नाही. डांबर काडीनं खरवडलं, नवा स्पंज कापून बसवला, आरसा पुसला. आता आरसा असा उडतो की ऐकत राहावं. फिल्मची पेटीही चालू आहे. एका रोलवर चौकोनी बारा फोटो. बारा! विचार करून काढावे लागणार म्हणजे.

तर प्रश्न असा: नवशिक्यानं एकच लेन्स घ्यायची तर कोणती? ५०, ८० की १५० मिलिमीटरची? बाजारात तिन्ही मिळतील. तुझ्या तिन्ही तुला लखलाभ. त्यांच्यावर माझा डोळा नाही.

हे वाक्य ही मागं उभी राहून वाचत होती. म्हणाली, "अहो, तीन लेन्स भावाच्या कपाटात पडल्यात आणि तुम्ही बाजार पालथा घालणार. सरळ मागा की!"

मी म्हटलं, मी मत मागतोय.

कळावं. लोभाचं तू बघ.

धाकटा


१२ फेब्रुवारी, सोमवार

दादा,

उत्तर नाही. हरकत नाही. टपालाचं हल्ली काही खरं नाही, असं मी घरात सांगितलंय. "टपाल सरळच आहे, तुम्ही दोघं वाकडे," असं मला ऐकवलं गेलं.

तुझ्या मताची वाट बघत हात बांधून बसणाऱ्यातला मी नाही. इथं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान चालवणारे एक गृहस्थ आहेत. मागच्या खोलीत रोलही धुतात. काहीही मागा, आधी "नाही" म्हणणार आणि मग खालच्या खणातून काढून देणार. म्हणून सगळे त्यांना निगेटिव्ह म्हणतात. त्यांच्याकडे आपल्याच बनावटीच्या तिन्ही लेन्स आहेत! शनिवारी संध्याकाळी न्यायची, सोमवारी सकाळी परत आणायची. अट एकच, काचेवर बोटाचा ठसा दिसता कामा नये. मी त्यांना म्हटलं, साहेब, मी वजनंसुद्धा चिमट्यानं उचलतो. बोटाचा घाम मला काट्यावर दिसतो. हे ऐकल्यावर त्यांनी खण उघडला.

त्यांच्यापुढं मी सहज बोलून गेलो की ८० म्हणजे चेहऱ्यांची लेन्स. ते हसले. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही हसली. आता, छोट्या कॅमेऱ्यात ८० चेहरा जवळ आणते हे खरंच आहे. पण इथं फिल्मच मोठी, त्यामुळे तीच ८० आपल्या साध्या नजरेसारखी बघते. हे मला ठाऊक होतं. मी त्यांना जोखत होतो.

घरी आल्यावर मात्र व्हर्नियर काढला आणि फिल्मची चौकट मोजली. बाजू छप्पन्न मिलिमीटर. मग कर्ण किती? एकोणऐंशी आणि वर चिमूटभर! कर्णाएवढी लेन्स म्हणजे सरळ नजरेची लेन्स. बघितलंस? कुणी उगाच ८० ठरवलेली नाही, चौकोनातूनच ती निघते! मी जागच्या जागी टाळी वाजवली. हे मला कुणी शिकवलेलं नाही. तू बाबांच्या स्टुडिओत दिवे धरायचास. मला बाहेरच्या बाकावर बसवायचे, हलू नकोस म्हणून. जे शिकलो ते स्वतःच्या डोक्यानं.

पण या रविवारसाठी आणली होती ५०. रुंद नजरेची. दादा, काय सांगू! स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो तर अख्खं स्वयंपाकघर आत. फळी, शेगडी, खिडकी, खिडकीबाहेरचा पलीकडचा जिना, सगळं! ही पळी हातात घेऊन मला हाकलायला वळली तोच मी बटण दाबलं. आज फोटो हातात आला. पळी धरलेला हात पुढं, डोकं मागं.

"हा हात कुणाचा?" तिनं विचारलं.

"तुझाच."

"आणि हे लिंबाएवढं डोकं?"

"तेही तुझंच."

"लग्नाआधी अशी दाखवली असती तर वाचला असतात," म्हणाली, आणि फोटो डब्याच्या झाकणाखाली सरकवला. पण जाताना पुन्हा उचलून बघितलान, ते मी पाहिलं.

एक आणखी. या कॅमेऱ्यात वरून, मान खाली घालून बघावं लागतं. सगळ्यांना आता माझं टक्कल आधी दिसतं. त्यात चित्र डावं-उजवं उलटं. माणूस डावीकडे सरकला की मी हटकून भलत्या बाजूला वळतो. रस्त्यावर समोरच्या न्हाव्याच्या दुकानाचा फोटो घेताना वळत वळत त्याच्या खुर्चीलाच जाऊन भिडलो. तो म्हणाला, "बसा, तेवढं कडेचं कापून देतो."

निष्कर्ष: ५० भन्नाट, पण सुरुवातीला नको. तिला सगळंच हवं असतं, आणि नवशिक्याला काय सोडायचं ते कळत नाही.

उत्तर दिलंस तर वाचीन.

धाकटा


२० फेब्रुवारी, मंगळवार

दादा,

तुझं कार्ड मिळालं. एका बाजूला माझा पत्ता आणि दुसऱ्या बाजूला:

१५०.

ना खुशाली, ना सही. पाचाची शेपटी बाबांसारखी वळवलेली, त्यावरून तू. हिनं कार्ड उजेडाकडे धरून बघितलं, आणखी काही पुसट लिहिलंय का म्हणून. नव्हतं. मी खूश झालो असं मुळीच समजू नकोस. दुकान जरा लवकर बंद केलं, एवढंच. निगेटिव्ह साहेबांना कार्ड दाखवलं. ते म्हणाले, "कुणाचं?" म्हटलं, "आमचे एक जाणकार आहेत, बाहेरगावी असतात." ते म्हणाले, "कमी बोलतात." म्हटलं, "हे त्यांचं जास्त झालं."

तर शनिवारी १५० आणली. घरच्या सगळ्यांत सोशीक माणसावर चालवली, म्हणजे आईवर. तिची खोली तू पाहिलेली नाहीस. खिडकीशी खुर्ची, मग पलंग, पलंगाला चिकटून कपाट. मी खुर्चीसमोर उभा राहिलो तर भिंगात नुसतं कपाळ, तेही धुरकट. मागं सरकलो, पलंगाला पोटऱ्या लागल्या. पलंगावर चढलो, पाठ कपाटाला. अजून हनुवटी बाहेरच! मग खोलीबाहेर, बोळात, न्हाणीघराच्या दारापर्यंत. आई ओरडली, "अरे, फोटो काढतोयस का पळून चाललायस?"

आणि तिथून, दादा, एकदम जमलं! खिडकीचा उजेड गालावर, मागचा पडदा विरघळलेला, कपाळावरची एकेक रेघ सुईनं ओढल्यासारखी. मी श्वास रोखून दाबलं. काल फोटो मिळाला. खोटं बोलणार नाही: बाबांच्या हातचा वाटावा असा आहे. नाक नाकाएवढं, कान कानाएवढे. तू १५० का लिहिलंस ते एका क्षणात कळलं.

आईला दाखवला. तिनं लांब धरला, जवळ धरला. म्हणाली, "छान आहे. पण मी बघतेय कुणाकडे?"

तिला आता चार पावलांपलीकडचा चेहरा ओळखू येत नाही रे. न्हाणीघराच्या दारात मी उभा होतो. तिच्या लेखी तिथं कुणीच नव्हतं. फोटोत तिचे डोळे मस्त स्वच्छ आहेत, पण ते हवेत बघतायत. एकदा कळलं की मग दुसरं काही दिसेनासं होतं.

तुझं मत चूक आहे असं मी म्हणत नाही. तू तुझ्या त्या बोगद्यासारख्या औषधांच्या दुकानात उभा राहून बोलतोयस. काउंटरपासून दारापर्यंत १५०ला मनसोक्त मागं सरकता येईल. स्टुडिओही लांबट होता. माझं घर आखूड आहे. इथं १५० घेतली तर मला कायम बोळात राहावं लागेल.

यावर तुझं काय म्हणणं आहे ते अंकात न कळवता अक्षरात कळव.

धाकटा


२७ फेब्रुवारी, मंगळवार

दादा,

सोबत एक फोटो आहे. आधी तो बघ, मग पत्र वाच.

बघितलास? ही ८०! आईपासून दोनच पावलांवर उभा होतो. मध्ये काही नाही, पलंग नाही, बोळ नाही. मी मान खाली घालून भिंगात, ती माझ्या टकलाकडे बघत हसतेय, आणि हसता हसता बोलतेय. तिला मी दिसत होतो ना, त्यामुळे ती गप्पच बसेना! एक रोल बोलण्यातच संपला. हा त्यातला सातवा. तोंड अर्धं उघडं आहे, ते चुकून नव्हे. तिथंच दाबायचं ठरवलं होतं. ती कुणाबद्दल बोलत होती ते फोटोत ऐकू येत नाही, म्हणून सांगतो: तुझ्याबद्दल. "थोरल्याला दाखवशील ना?" हे ते वाक्य, "दाखव" आणि "शील"च्या मध्ये कुठंतरी शटर पडलंय.

तिच्या पाठीमागची उशी बघ. उशीवरची शिवण मोजता येते. आणि मागची खिडकी आहे, पण मध्ये मध्ये करत नाही. माझा शोध संपला, दादा. ५०ला सगळं हवं, १५०ला एकच हवं, आणि ८०ला दोघं हवेत, बघणारा आणि बसणारा. याहून नीट मला सांगता येत नाही.

सोमवारी लेन्स परत करायला गेलो, तर साहेब म्हणाले, "ही माझी स्वतःची, विकायची नाही. पण दुसरी मागवून देतो, पंधरा दिवसांत येईल." मग बॉडी हातात घेऊन खालून वरून बघत म्हणाले, "एवढी जपलीत, मग हिची लेन्स कुठंय?"

मी म्हटलं, "हरवली."

कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं.

घरी आलो तर ही फोनवर. पलीकडे वहिनी. या दोघींचं बोलणं कधी बंदच नव्हतं म्हणे! आपण दोघं आपले ताठ, आणि यांचं दर आठवड्याला चालू. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणते वहिनी? ही म्हणाली, "काही नाही, तुमची पत्रं भावजी दुकानात वाचून दाखवतात म्हणे. गिऱ्हाईक औषध मागतंय आणि हे सांगतायत, 'बघा, आमच्या धाकट्यानं व्हर्नियर लावून कर्ण काढलाय.' एक बाई खोकत उभी होती बिचारी."

मी म्हटलं, असं?

"आणि दर रविवारी आंघोळ झाली की त्या लेन्सांचा डबा उघडतात. तिन्ही पुसतात. मग स्क्रू ड्रायव्हरनं मागं काहीतरी ताणतात, कानाशी धरतात आणि सोडतात. कुर्रर्र वाजतं. मग दुसरी. वहिनी म्हणतात, 'कॅमेरा नाही, फिल्म नाही, हा माणूस नुसता आवाज ऐकतो. कुणी विचारलं तर म्हणतो, वंगण घट्ट होतं नाहीतर.'"

दादा, हे मी उभ्यानं ऐकत होतो, ते बसलो.

कारण वंगण घट्ट होतंच. वापर नसला की शटरच्या पात्या एकमेकींना चिकटतात, आणि एका सेकंदाचे दोन सेकंद होतात. हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. या घरात, त्या घरात दुसऱ्या कुणाला त्याचं काही नाही. ज्या माणसाला लेन्स नुसती अडवून ठेवायची असते तो दर रविवारी तिचं शटर चालवत नाही. ते चालवतात कधीतरी बॉडी येणार आहे असं धरून चालणारे.

मी निगेटिव्ह साहेबांना फोन केला आणि सांगितलं, मागवू नका. ते म्हणाले, "का? सापडली का?" म्हटलं, "कुठं आहे ते कळलंय."

आता ज्या वाक्यासाठी हे चौथं पत्र लिहायला बसलो ते लिहितो. मघापासून दोन कागद फाडले. एकात "जमल्यास" होतं, दुसऱ्यात "तुझी हरकत नसेल तर". दोन्ही माझे नव्हेत.

दादा, मला तुझी ८० हवी आहे. मत नको. लेन्स हवी आहे.

वाट बघतो.

धाकटा


७ मार्च, गुरुवार

दादा,

"लेन्स घराबाहेर जाणार नाही. बॉडी घेऊन ये. आणि १५०च."

खाली सही! पुढं आईला नमस्कार! मी कार्ड हिला दाखवलं, आईला दाखवलं, न्हाव्याला दाखवलं. न्हावी म्हणाला, "नाहीच म्हणालेत की हो." म्हटलं, तुला वाचता येत नाही.

तुझी अट मला शंभर टक्के मान्य. खरं तर मला तिचं कौतुक वाटलं. शटर असलेली लेन्स टपालाच्या पोत्यात आदळत पाठवणारा माणूस माझा भाऊच नव्हे. तू पाठवली असतीस तर मी उलट टपाली तुला चार शब्द सुनावले असते.

रविवारी सकाळच्या बसनं निघतो. एकटाच येणार होतो. आईनं ऐकलं आणि काठी शोधायला लागली. म्हटलं, गुडघा? म्हणाली, "गुडघा बसून राहिलं तरी दुखतो, मग जाऊन दुखू दे." ती आली म्हणजे तिचं बघायला ही आली. तेव्हा तिघं. वहिनीला कळवायची तसदी घेऊ नकोस. तिनं काय काय करायचं ते हिच्याशी बोलून आधीच ठरवलंय.

रोल पाच घेतलेत. बॉडी लोकरीच्या मफलरमध्ये, मफलर पिशवीत, पिशवी माझ्या मांडीवर. बसमध्ये वर ठेवणार नाही.

८० की १५० याचा निकाल तिथंच लावू. तुझ्या दुकानात दारापासून काउंटरपर्यंत १५०ला एक पूर्ण रोल देतो, कुरकुर न करता. मग तू स्वयंपाकघरात येऊन ८०ला एक द्यायचास, तोही कुरकुर न करता. ५०वर दोघी जावांनी बंदी घातली आहे, हिनं तिला तो पळीचा फोटो सांगितलाय.

एक गोष्ट काल आईकडून कळली. मी बोलता बोलता म्हणालो, दादाचं काय, त्याला बाबांच्या हाताखाली सगळं मिळालं. ती म्हणाली, "कुठलं मिळालं? त्याला दिवे धरायला लावायचे नुसते. कॅमेऱ्याला हात लावला म्हणून एकदा दिवसभर उपाशी बसला होता तो." हे मला ठाऊकच नव्हतं. मी बाहेर बाकावर आणि तू आत दिव्यापाशी, पण बटण दोघांपैकी कुणीच दाबलेलं नाही!

तेव्हा पहिला फोटो तू काढायचास. कुठल्या लेन्सवर ते तूच ठरव. १५० म्हण, मी तोंड उघडणार नाही. उजेड मात्र मी सांगेन, तेवढं सांगू दे.

आता नीट वाच, यात चूक चालत नाही. लेन्स लावायच्या आधी तिचं शटर ताणलेलं असलं पाहिजे. सैल असताना लावली तर अडकते, मग काढता येत नाही. बॉडी मी घरूनच ताणून आणतो. रविवारी आवाज ऐकून झाला की तिन्ही लेन्स पुन्हा ताण आणि तशाच ठेव. मी आल्यावर बॉडी टेबलावर दोन्ही हातांनी घट्ट धरीन. तू लेन्स घे. तिच्यावर लाल खूण आहे, बॉडीवरही लाल खूण आहे. समोरासमोर आण, आत टेकव आणि हलकेच फिरव. खट्ट झालं की थांब.

जोर लावू नकोस. लागत नाही.

तुझा
धाकटा